‘निलंबन झालं, आता आणखी काय हवंय?’

सुहासराव, नमस्कार.

भंडाऱ्याच्या आगीवरच्या माझ्या लेखाला तुमची प्रतिक्रिया तिखट आली आणि तिच्यातलं अर्धं मला पटलं. पोटापाण्यामागे धावणाऱ्या माणसाला विसराळू म्हणायचा तुम्हाला अधिकार काय, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा, की निलंबन झालं, गुन्हे दाखल झाले, आता आणखी कुणाचा बळी हवाय?

‘लोकांची आठवण आठ दिवसांची’ हे त्या लेखातलं वाक्य मी मागे घेतो. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे दोनच्या सुमारास भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. काही होरपळून, बाकीची धुराने गुदमरून. ज्या घरी पाळणा बांधून तयार होता, त्या घराला आठवण करून द्यावी लागत नाही. लोकांना दोष देण्यात माझी चूक झाली.

पण दुसऱ्या प्रश्नावर मी अजिबात मागे हटणार नाही. निलंबन ही सरकारी नियमांत शिक्षाच नाही. चौकशी होईपर्यंत माणसाला बाजूला बसवतात, निर्वाह भत्ता चालू असतो. भंडाऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांना घरी पाठवलं आणि पुढे गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्या रात्री कक्षात कोण होतं, कोण नव्हतं, याची चौकशी व्हायलाच हवी. पण त्या इमारतीत आग विझवणारी यंत्रणा नव्हती, ती बसवण्याचा प्रस्ताव आधीच वर गेला होता आणि मंजुरीच्या वाटेवर पडून होता. तो ज्या ज्या टेबलावर थांबला, त्या टेबलामागच्या माणसाला कुणी काय विचारलं? मला बळी नको आहे. त्या फायलीवर कोणत्या तारखेला कुणाची सही अडली, एवढं जाहीरपणे सांगितलेलं हवं आहे.

भंडाऱ्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. मग मार्चमध्ये भांडुपला एका मॉलमधलं रुग्णालय पेटलं, एप्रिलमध्ये विरारला अतिदक्षता विभाग. आणि 6 नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात आग लागून एका दिवसात 11 रुग्ण गेले. भंडाऱ्याला दहा महिनेही झाले नव्हते. तिथेही निलंबनं झाली, आणि पोलिसांनी अटक कुणाला केली? एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिका. सुहासराव, आदेश काढणारं आणि आदेशाचं पुढे काय झालं हे न पाहणारं खातं एकच होतं. विसरणं म्हणतात ते हे, आणि ते सामान्य माणसाच्या माथी मारण्यात मीही सामील झालो याचं मला वाईट वाटतं.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. ‘फॉर्म बी’ म्हणतात त्याला. कागद एक पानाचा, पण त्यावर नाव असतं, सही असते, तारीख असते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या आत्याला एका सरकारी रुग्णालयात ठेवलं होतं. वॉर्डाच्या दारापाशी लाल सिलिंडर टांगलेला. रात्री बसल्या बसल्या मी त्याच्या मानेला दोऱ्याने बांधलेलं कार्ड उलटून पाहिलं. पुन्हा भरण्याची तारीख उलटून दोन वर्षं झाली होती. काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली, लालमध्ये. पिन गंजून चिकटलेली. सिलिंडरच्या खालीच सलाइनचे रिकामे खोके रचलेले, म्हणजे हात पोचवायचा तर आधी ते हलवायचे. मी रात्रपाळीच्या सिस्टरना दाखवलं. त्या म्हणाल्या, “दादा, मी तीनदा वहीत लिहून दिलंय.” त्यांनी वही काढून दाखवली. तीन नोंदी, तीन तारखा, खाली त्यांची सही. शेजारचा रकाना वरिष्ठांच्या शेऱ्याचा, तो तिन्ही वेळा कोरा.

उद्या तिथे काही झालं, तर पहिलं नाव त्या सिस्टरचं येईल. म्हणून तुमचं ‘गुन्हे दाखल झाले ना’ हे वाक्य मला सहन होत नाही.

त्या रुग्णालयाच्या मागच्या चार फॉर्म बींच्या प्रती मी माहितीच्या अधिकारात मागितल्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून पहिलं अपील केलं आहे. तुम्हीही तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयासाठी असाच अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मजकूर हवा असेल तर माझ्या अर्जाची प्रत पाठवतो.