एक आकडा बदलायचा होता हो, एकच!

मावशीच्या क्लासच्या साइटवर फोन नंबरातला शेवटचा आकडा बदलायचा होता, आणि जमलंच तर वेळापत्रकात एक ओळ वाढवायची होती. एवढ्यापायी अख्खा रविवार गेला माझा.

साइट सहा पानांची. कधीकाळी कुणीतरी करून दिलेली, साध्या एचटीएमएल फायली, म्हणजे वेबपान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात त्या. म्हटलं, दरवेळी माझ्यामागे लागण्यापेक्षा मावशीच्या कॉम्प्युटरवर एक एडिटर टाकून देऊ. समोर पान दिसतंय तसं दिसावं, मजकुरावर क्लिक करावं, खोडावं, लिहावं, सेव्ह करावं. बस. चंद्रावर यान नव्हतं पाठवायचं!

'सर्वोत्तम मोफत व्हिज्युअल एडिटर' शोधा म्हणजे कळेल. यादीत वरच्याच नंबरात व्हिज्युअल स्टुडिओ कोड. अरे, व्हिज्युअल त्याच्या नावात आहे रे! उघडलं की रंगीबेरंगी कोड दिसतो. उत्तम आहे, मी स्वतः वापरतो, पण मावशी त्यात काय बघणार, कपाळ? या याद्या करणारे एकदा तरी प्रोग्राम उघडून बघतात की नुसती नावं वाचून पंगतीला बसवतात? खाली बघावं तर निम्मे ऑनलाइन बिल्डर. मला फाइल माझ्या डिस्कवर हवी आहे, दर महिन्याला भाडं भरून दुसऱ्याच्या घरात नाही. ड्रीमवीव्हर? तेही भाड्यानंच. सहा पानांसाठी!

राहता राहिलं फुकटवाल्यांचं जुनं घराणं. नेटस्केप कंपोजर, त्याच्या पोटी मोझिला कंपोजर, मग एनव्ह्यू, मग कॉम्पोझर. वंशावळ काय विचारता! पण कॉम्पोझरची शेवटची पक्की आवृत्ती २००७ ची. पहिला आयफोन आला ते वर्ष. मोबाइलवर पान कसं दिसेल हा प्रश्नच त्या बिचाऱ्याला कधी पडला नव्हता. पानावरचे चौकोन मांडायच्या नव्या पद्धती, फ्लेक्स आणि ग्रिड, त्याला ठाऊकच नाहीत; आजचं पान त्यात उघडलं की शेजारी-शेजारी बसलेले चौकोन एकाखाली एक कोसळतात. आणि अजूनही लोक त्याचीच शिफारस करतात, 'हलकं आहे, चालतं' म्हणून.

शेवटी एक सापडला. नाव घेत नाही. फाइल उघडली, नंबर बदलला, सेव्ह केलं. ब्राउझरमध्ये पान झकास. मी खूश. मग सवयीनं जुनी आणि नवी फाइल शेजारी-शेजारी लावली. मी एक आकडा बदलला होता, आणि डावीकडून उजवीकडे वरपासून खालपर्यंत फरक दाखवणारा लालच लाल रंग! न विचारता सगळ्या ओळींची मांडणी बदललेली, माझ्या कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा, गायब, जिथे-तिथे नवीन स्टाइल चिकटवलेल्या. म्हटलं असू दे, वेळापत्रक कुठे आहे ते तरी बघू. कंट्रोल-एफ, 'वेळापत्रक'. सापडलं नाही! पानावर डोळ्यांसमोर दिसतंय आणि फाइलमध्ये शब्दच नाही.

का नाही? कारण साहेबांनी सगळ्या देवनागरीचे आकडे करून ठेवले होते. 'न' लिहिलाय तिथे अँडचं चिन्ह, हॅश, २३४४ आणि अर्धविराम. 'नमस्कार' या एका शब्दाचे असे सात आकडे. ब्राउझरला ते वाचता येतात, माणसाला नाही. फाइलच्या डोक्यावर यूटीएफ-८, म्हणजे देवनागरी अक्षरं जशीच्या तशी चालतील, असं स्वच्छ लिहिलेलं असताना हा उद्योग सांगितला होता कुणी? म्हणे सेटिंगमध्ये बंद करता येतं. मग मुळात चालू का ठेवता? इंग्रजी मजकुराला धक्का लागत नाही, म्हणून करणाऱ्याच्या लक्षातही आलं नसणार.

दुसरा एक उतरवला. दिसायला देखणा, पण माझी फाइल उघडतच नाही! त्याला म्हणे आपला स्वतःचा 'प्रोजेक्ट' लागतो. पान त्यातच जन्माला यायला हवं, एचटीएमएल फक्त बाहेर काढून मिळेल. या जातीवर माझा काडीचा विश्वास नाही. अडोबीचं म्यूझ आठवतंय? तेही असंच, फाइल आपल्याच साच्याची. २०१२ मध्ये आलं, २०१८ मध्ये कंपनीनं सांगून टाकलं की नवीन काही येणार नाही, मार्च २०२० मध्ये सपोर्ट संपला. ज्यांनी त्यात साइटी उभ्या केल्या ते बसले प्रोजेक्ट फायली कवटाळून. मायक्रोसॉफ्टचा एडिटर फ्रंटपेज, तोही २००३ च्या आवृत्तीनंतर संपला. आणि वेबचे नियम लिहिणारी डब्ल्यू३सी, तिचा स्वतःचा अमाया नावाचा एडिटर होता, तोही २०१२ नंतर पुढे सरकला नाही.

डोकं फिरतं ते यामुळे: १९९० मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनी नेक्स्ट नावाच्या कॉम्प्युटरवर जगातला पहिला ब्राउझर केला, तेव्हा तो एडिटरही होता. वाचायचं आणि लिहायचं एकाच खिडकीत. म्हणजे सुरुवातच तिथून झाली होती!

वर सल्ले आहेतच. 'कोड शिकून घे, सोपं असतं.' मला येतो रे, मावशीला कशाला शिकवू? 'वर्डमध्ये करून एचटीएमएल म्हणून सेव्ह कर.' हे सांगणाऱ्यानं ती फाइल आतून कधी बघितलेली नाही. प्रत्येक परिच्छेदाच्या गळ्यात 'एमएसओनॉर्मल'ची पाटी, आणि दोन ओळींच्या मजकुरावर पानभर सामान.

रात्री बॅकअपमधली जुनी फाइल काढली, नोटपॅडमध्ये उघडली, आकडा बदलला, सेव्ह. अर्धं मिनिट लागलं. आता वेळापत्रकातली ती एक ओळ राहिली आहे. तो टेबल दुसऱ्या टेबलात आहे, आणि तो तिसऱ्यात. मावशीचे दोन मिस्ड कॉल येऊन गेलेत.