अमेरिकेतील चार्ल्स्टनच्या खाजणातील कयाक-सफरीविषयी आपण नोंदवलेल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. साडेतीन तासांचे पैसे घेऊन प्रत्यक्ष मासेमारी जेमतेम पंचवीस मिनिटे झाली, गवतात पुरेसे पाणीच आले नाही, मुलाला दरडावले गेले आणि गळाला लागलेला एकमेव रेडफिश मासाही परत सोडायला लावला, असे आपले म्हणणे आहे. पहिल्या तिन्ही बाबतींत चूक माझी आहे. चौथीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे.

चार्ल्स्टनभोवतीच्या खाजणात आखूड स्पार्टिना गवत जेथे उगवते, ती जमीन थोडी उंचावर असल्यामुळे रोजच्या भरतीला भिजत नाही. बंदरातील पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मापकावर पाणी साधारण ५.५ फुटांच्या वर गेले, तरच ते तेथे शिरते, आणि असे उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे काही दिवसच येते. त्या पाण्याबरोबर रेडफिश गवतातले छोटे खेकडे खायला आत येतात आणि तोंड चिखलात खुपसून चरू लागले की त्यांच्या शेपट्या पाण्याबाहेर डोलतात. त्या संध्याकाळी भरतीच्या तक्त्यात ५.९ फूट पाणी दिले होते. परंतु हा तक्ता चंद्र-सूर्याच्या गणितावर बेतलेला असतो, त्यात वारा धरलेला नसतो. दोन दिवस पश्चिमेचा वारा पाणी समुद्राकडे लोटत होता आणि मापकावरचा आकडा सकाळपासून तक्त्यापेक्षा अर्धा फूट खाली होता. हे मी दुपारीच पाहिले होते. वारा संध्याकाळी पडेल या आशेवर मी आपल्याला फोन केला नाही. माझ्या आजोळी, श्रीवर्धनला, तिथीवरून उधाण सांगणारी माणसेसुद्धा वाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय होडी लोटत नाहीत; मला हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही.

वेळेबाबतही आपले बरोबर आहे. पाणी चांगले चढले, तरी गवतात मासे सापडण्याचा काळ दीड-दोन तासांचाच असतो. उरलेला वेळ वल्हवत जाण्यात, वाट पाहण्यात आणि परतण्यात जातो. आमच्या माहितीपत्रकात सरसकट ‘साडेतीन तास मासेमारी’ असे छापले होते, ते आता दुरुस्त केले आहे.

आपल्या मुलाविषयी विशेष खेद वाटतो. फूटभर पाण्यात वल्हे कयाकच्या कडेवर आपटले की तो ठोका माशांपर्यंत लगेच पोहोचतो. समोरच्या पाचही शेपट्या एका क्षणात नाहीशा झाल्या आणि गवतातून पाण्याच्या रेघा तेवढ्या पळताना दिसल्या, तेव्हा माझा आवाज चढला. ही गोष्ट मी त्याला निघण्यापूर्वी काठावरच समजावून सांगायला हवी होती. दहा वर्षांच्या मुलाने शेपट्या पाहून हरखून जाऊ नये, ही अपेक्षाच चुकीची होती. कृपया माझी दिलगिरी त्याच्यापर्यंत पोहोचवावी.

राहिला सोडलेला मासा. ‘घोळीसारखा दिसत होता, तव्यावर जायला हवा होता,’ असे आपण लिहिले आहे, आणि आपली नजर पक्की आहे, कारण रेडफिश खरोखरच घोळीच्या कुळातला आहे. ठरावीक लांबीचे मोजके मासे घरी नेण्यास येथील कायद्याची हरकत नाही. सोडून देण्याचा नियम आमचा आहे. खाजणात सापडतात ते बहुतेक वयात न आलेले मासे. तीन ते पाच वर्षांचे झाल्यावर ते समुद्राकडे जातात आणि मगच प्रजननाला लागतात. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांनी मसाला लावून तव्यावर काळा केलेला रेडफिश लोकप्रिय केला, तेव्हा मेक्सिकोच्या आखातातले प्रौढ माशांचे थवे जाळ्यांनी उपसले गेले. तो प्रकार ठाऊक असल्यामुळे या नियमात मी सवलत देत नाही. मात्र नोंदणीच्या वेळी तो ठळकपणे सांगितला गेला नव्हता, एवढा दोष मान्य आहे.

ती सफर रद्दच व्हायला हवी होती, म्हणून पूर्ण रक्कम काल परत पाठवली आहे. त्यासाठी अभिप्राय बदलण्याची गरज नाही. यापुढे दुपारी मापक तक्त्यापेक्षा चार इंचांनी खाली दिसला, तर निघण्यापूर्वी फोन करून निर्णय पाहुण्यांवर सोपवला जाईल. मुलाला रेडफिशच्या शेपटीच्या मुळाशी असलेला काळा ठिपका जवळून पाहायचा असेल, तर पुढच्या उधाणाला आपल्या दोघांसाठी एक कयाक विनामूल्य राखून ठेवतो. वल्हे आवाज न करता कसे ठेवायचे, ते या वेळी आधी काठावर शिकवीन.