रेड ड्वार्फ : दोष क्रायटनचा नाही

भाऊ, क्रायटन रोबो आला अन् 'रेड ड्वार्फ' ही अंतराळातली ब्रिटिश विनोदी मालिका बिघडली, हे तुमचं म्हणणं काही पटत नाही. तो कायमचा आला तिसऱ्या सीझनला, 1989 मध्ये. 'मरून्ड' हा भागही त्याच सीझनचा. यान बर्फात अडकलेलं, जाळायला सामान उरलेलं नाही. यानावरचा लिस्टर गिटार जाळल्याचं सोंग करतो, पण आगीत जातो सोबती रिमरच्याच पेटीतून गिटारच्या आकाराचा कापलेला तुकडा! दोन माणसं, एक खोली. एवढ्यावर अर्धा तास पेलणं सोपं नाही, राजेहो.

खरी गोची सातव्या सीझनची (1997). दोन मूळ लेखकांपैकी रॉब ग्रँट लेखनातून बाहेर पडला, एरवी प्रेक्षकांसमोर होणारं शूटिंग त्यांच्याविना झालं. तयार भाग लोकांना दाखवून हशा मागाहून घेतला. आपल्या वडशाकडच्या झाडीपट्टी नाटकात नट हशा ओसरू देतो, मगच पुढचं वाक्य टाकतो. इथं थांबायचं कोणासाठी? म्हणून वाक्यांचा ताल हुकतो.

नवख्यानं तिसरा ते सहावा सीझन, म्हणजे 24 भाग, आधी पाहावे. पहिले दोन दिसायला करडे अन् संथ, ते नंतर. 1998 च्या सुधारित आवृत्तीच्या वाटेला मात्र जाऊ नका, त्यातलं संगणकी यान वरून चिकटवल्यासारखं दिसते.