राग आला की नळ सुरू

मला राग आला की रडू येतं. दुःख झालं तर येत नाही बरं. सासरे गेले तेव्हा मी कोरडी ठणठणीत, आल्यागेल्यांसाठी चहाचं पातेलं ढवळत होते. पण कुणी अन्याय केला आणि मी "हे बघा" म्हणून बोट वर केलं, की संपलंच. उन्हाळ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावर पेंच धरणाचं पाणी चढत नाही, माझ्या डोळ्यांत मात्र पहिल्याच वाक्याला धो-धो येतं.

परवाच्या मे महिन्यातलं सांगते. पारा 45 च्या वर. ऑफिसातला एकुलता कूलर सरांच्या केबिनकडे तोंड करून बसलेला; आम्हा बायकांच्या टेबलांपर्यंत त्याचा नुसता आवाज येतो. त्या दिवशी कूलरमध्ये पाणी भरायचं राहिलं. सरांनी रजिस्टर उचलून असं फेकलं की ते सरळ बादलीत. हाजरीची शाई पाण्यात पसरली. सगळे माना खाली घालून बसले. मग चपराशी दादा हळूच म्हणाला, "लोड आहे सरांवर."

त्यानंतर तासाभराने मला कळलं की मी तीन रात्री जागून जुळवलेला ताळेबंद मुंबईला दुसऱ्याच साहेबांच्या नावाने गेला. मी केबिनमध्ये शिरले. चार मुद्दे पाठ केले होते. पहिला अर्धा झाला आणि हनुवटी थरथरायला लागली.

सर एकदम मायाळू झाले. यापेक्षा रजिस्टर फेकलं असतं तर परवडलं असतं. "मॅडम, एवढं इमोशनल नका होऊ. जरा बाहेर मोकळ्या हवेत जाऊन या."

मोकळ्या हवेत! नागपुरात! मे महिन्यात, दुपारी दीडला!

बाहेर दादाने माठातलं पाणी आणून दिलं. "काहून रडून राहिल्या मॅडम? घरी काही झालं का?" घरी गेले तर नवरा म्हणाला, "ऑफिसचं घरी आणत जाऊ नको." आणि तोच माणूस रात्री कूलरचा पंप जळला म्हणून मेकॅनिकवर फोनवर असा ओरडला की वरच्या काकू डोकावून गेल्या. ती भावना नव्हे. ती पंपाची चौकशी.

मी पडले अकाउंट्सवाली, पुरावा लागतो. शोधला. 2008 साली व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन या संशोधकांनी लोकांना नोकरीच्या मुलाखतींचे व्हिडिओ दाखवले. चिडलेल्या पुरुषाचा भाव वाढला, चिडलेल्या बाईचा उतरला. तो चिडला तर परिस्थितीच तशी. ती चिडली तर स्वभावच तसा. बाईने चिडण्याचं बाहेरचं कारण सांगितलं तर मात्र तोटा भरून निघतो म्हणे. पण बाप्पा, कारण सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की माझा नळ सुरू.

उपाय सगळे करून झाले. छताकडे बघितलं, तर सर म्हणाले, "पंखा बंद आहे का?" जीभ चावली, तर बोबडी वळली. आई म्हणाली, मनात उलटे आकडे मोज. मोजले. शून्यावर आले तेव्हा मीटिंग संपली होती. शेवटी ताळेबंदाचे चारही मुद्दे लिहून मेल केला, प्रत मुंबईला. मेलला हनुवटी नसते. दुरुस्ती झाली, सर आठवडाभर बोलले नाहीत, पण ते इमोशनल झाले असं कुणीच म्हणालं नाही.

जूनमध्ये एक जण रिटायर झाले, पार्टी सावजीत. सर मूळ पुण्याचे. वाटीत काळसर रस्सा, वर बोटभर तेलाचा तवंग. "आपल्याला चालतं तिखट," म्हणत त्यांनी भाकरी बुडवली. तिसऱ्या घासाला कान लाल. चौथ्याला डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आवाज गेलेला.

मी ग्लास पुढे सरकवला. "सर, जरा बाहेर मोकळ्या हवेत जाऊन या."

ते खरंच गेले. रुमाल तोंडाशी धरून, कुणाकडे न बघता.

दादा माझ्याकडे वाकून म्हणाला, "लोड आहे मॅडम, सरांवर."