दशावतार तगलाय तो जत्रेच्या जोरावर

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी आमच्या तळकोकणातल्या दशावतारी नाटकाचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, 'लोप पावत चाललेली लोककला'. कसलं लोप पावतेय हो! कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडीकडे एकदा रात्री फिरून या. चांगल्या कंपनीची, म्हणजे नाटकमंडळीची, तारीख मागायला गेलात तर वाटच बघावी लागेल.

हे टिकलं कसं? माझ्या मते त्याचं पहिलं कारण कलाप्रेम नाहीच. मोचेमाडकर, वालावलकर, खानोलकर, पार्सेकर अशा जुन्या कंपन्यांच्या जत्रा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. अमुक देवळात अमुक कंपनीच, त्यासाठी दरवर्षी वेगळी बैठक लागत नाही. देवाची पालखी फिरली की नाटक, आणि पहाटे दहीहंडी फुटली की जत्रा पुरी. आमच्याकडे जत्रेच्या नाटकाला 'धयकालो', म्हणजे दहीकालाच म्हणतात. म्हणजे नाटक हा देवाच्या कामाचाच भाग. ते रद्द करायचं कुणाच्या मनातही येत नाही.

दुसरं कारण समोर बसलेला माणूस. नाटकाला लिहिलेली संहिता नसते. मालक संध्याकाळी आख्यान सांगतो, पात्रं वाटतो. मग देवळाच्या मागे पेटाऱ्याला आरसा टेकवून जो तो आपला रंग आपणच लावतो. मंचावर एक बाकडं, बाजूला पायपेटी, पखवाज, झांज. नारदाने पुराणातला एखादा दाखला काढला की राजाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. अडखळला तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला लगेच कळतं, आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्याची सालं काढली जातात: "राजा आज निस्तो उभो रवलो रे!" हा धाक कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा.

ट्रिकसीनवरून आमच्याकडे कायम वाद. धूर, दिवे, हवेत उडणारा राक्षस. जुनी माणसं नाकं मुरडतात. मला त्याचं एवढं काही वाटत नाही. पोरं त्या राक्षसासाठी येतात आणि संवादासाठी थांबतात, निदान काही तरी थांबतात.

मला खरी भीती आहे ती चाळीस मिनिटांच्या 'महोत्सवी' दशावताराची. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर झटपट दाखवायचे, थोडी लढाई, की शाल-श्रीफळ आणि फोटो. यात नारद-राजासारखा मंचावरचा वाद रंगायला वेळ कुठे? आणि वाद नसेल तर नवा पोरगा शिकणार काय? त्याची शाळा एकच: कंपनीबरोबर फिरायचं, आधी सामान उचलायचं, बारकी पात्रं करायची, रात्रभर विंगेत उभं राहून मोठ्यांचं ऐकायचं. पावसाळ्यात नाटकं जवळपास बंद, तेव्हा शेती किंवा मिळेल ते काम. मुंबईची नोकरी सोडून हे कर, असं त्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

तेव्हा मुंबईकर भावांनो, तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर घरच्या सत्यनारायणाला पूर्ण कंपनी बोलवा. मानधनात घासाघीस करू नका, जेवण वेळेवर वाढा, आणि बारा वाजले म्हणून "आता आटपा" असा निरोप आत पाठवू नका.