'नो सेक्शन एट' लिहिणाऱ्या आपल्या मराठी घरमालकांसाठी

मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते. आपल्या न्यू जर्सीच्या एका मराठी ग्रुपवर परवा घर भाड्याने द्यायची जाहिरात आली. टू बेडरूम, पार्किंग, ट्रेन स्टेशन चालत, इंडियन ग्रोसरी जवळ, आणि सगळ्यात शेवटी 'नो पेट्स, नो स्मोकिंग, नो सेक्शन एट', म्हणजे भाड्याला सरकारी मदत घेणारे भाडेकरू नकोत. खाली नेहमीसारखे अंगठे आणि 'शेअर केलंय' वगैरे. एवढ्या लोकांनी वाचलं पण त्या शेवटच्या तीन शब्दांत कुणालाच काही वावगं दिसलं नाही. मला दिसलं, आणि मनाला फार लागलं. जाहिरात टाकणाऱ्यांना मी पर्सनल मेसेज केला, त्यांनी लगेच काढलीही. पण विषय त्या एका जाहिरातीचा नाहीये. आपल्यातले बरेच जण आता इथे दुसरं-तिसरं घर घेऊन भाड्याने देतायत आणि सेक्शन एट म्हटलं की सगळ्यांच्या कपाळावर आठ्या येतात, ते पण स्वतःला काही अनुभव नसताना, कुणाच्या तरी मित्राच्या मित्राचं ऐकून.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. १९७४ साली इथे एक कायदा झाला, त्याखाली कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना खाजगी घरात भाड्याने राहण्यासाठी सरकार मदत करतं. त्याला सगळे सेक्शन एट म्हणतात, कागदावरचं नाव हाउसिंग चॉइस व्हाउचर. पैसा वॉशिंग्टनचा, म्हणजे हड नावाच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याचा, आणि कारभार गावोगावच्या हाउसिंग ऑथॉरिटीचा. भाडेकरूने साधारण आपल्या उत्पन्नाच्या ३० टक्के भरायचे, उरलेलं भाडं ऑथॉरिटी थेट घरमालकाच्या बँक खात्यात जमा करते. देशभरात वीस लाखांच्या वर कुटुंबं अशी राहतात. आणि हे पात्र असलेल्या प्रत्येकाला मिळतं असं अजिबात नाही, घरभाड्याची सरकारी मदत मिळायला पात्र असलेल्या साधारण चार कुटुंबांपैकी एकालाच ती मिळते. बाकीचे वेटिंग लिस्टवर, आणि ती लिस्ट कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं बंद असते, उघडली तर लॉटरी काढतात.

आता पहिली गोष्ट कायद्याची. न्यू जर्सीत 'नो सेक्शन एट' लिहिणं बेकायदेशीर आहे. २००२ पासून आपल्या राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यात स्पष्ट आहे की भाड्याचे पैसे कायदेशीर मार्गाने येत असतील तर ते कुठून येतात यावरून घर नाकारता येत नाही. त्याच्याही आधी, १९९९ मध्ये, आपल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टात हडसन काउंटीतल्याच वेस्ट न्यू यॉर्क गावची केस गेली होती. आधीपासून राहत असलेल्या भाडेकरूला व्हाउचर मिळालं आणि मालक ते घ्यायला तयार नव्हता, कोर्टाने सांगितलं घ्यावं लागेल. पहिल्याच वेळेला दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हो, टू फॅमिली घर असेल आणि एका भागात मालक स्वतः राहत असेल तर दुसरा भाग भाड्याने देताना सूट आहे. पण इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेल्या घराला ही सूट नाही, आणि ग्रुपवरच्या निम्म्या जाहिराती तसल्याच घरांच्या असतात. टेक्ससमधले आपले लोक म्हणतील आमच्याकडे चालतं. बरोबर आहे, ऑस्टिन शहराने २०१४ मध्ये असाच नियम केला होता तर राज्याने पुढच्याच वर्षी कायदा करून शहरांना असे नियम करायलाच मनाई केली. तिकडे कायद्याने चालतं म्हणून ते योग्य आहे असं मला वाटत नाही, पण निदान जर्सीत बसून टेक्ससचे नियम सांगू नका.

दुसरी गोष्ट हिशोबाची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण आपण बहुतेक सगळे आकडेमोडीवर पोट भरणारे लोक आणि नेमका हाच हिशोब कुणी करत नाही. इकडे भाडेकरू बघताना सर्रास विचारतात, वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीस पट आहे का? समजा भाडं २००० डॉलर, म्हणजे वर्षाला ८०,००० पाहिजेत. व्हाउचरवाली बाई येते, तिचं महिन्याचं उत्पन्न १८००, वर्षाचं २१,६००. झालं, एजंट म्हणतो क्वालिफाय होत नाही. अहो पण ती २००० भरणारच नाहीये! तिचा वाटा १८०० च्या ३० टक्के, म्हणजे ५४०, आणि वरचे १४६० ऑथॉरिटी देणार. आता ५४० ची चाळीस पट करून बघा. २१,६००. पैसा न पैसा जुळतो, कारण चाळीस पटीचा नियम म्हणजे मुळात उत्पन्नाच्या ३० टक्के भाड्याला जाऊ दे हाच नियम, उलटा करून मांडलेला. (प्रत्यक्षात ऑथॉरिटी मुलं, औषधपाणी वगैरेची काही वजावट करून उत्पन्न धरते, त्यामुळे तिचा वाटा थोडा कमीच येतो.) आणि न्यू जर्सीत उत्पन्नाची अट तिच्या वाट्यावरच लावायची असते, पूर्ण भाड्यावर नाही. म्हणजे जिला आपण 'परवडणार नाही' म्हणून परत पाठवतो ती आपल्याच नियमात बसत असते.

शिवाय तिची नोकरी गेली किंवा तास कमी झाले तर? साध्या भाडेकरूचं तसं झालं की आपलं भाडं थकतं, आणि २०२० मध्ये ते कितीजणांनी भोगलंय हे या ग्रुपवर सगळ्यांना माहितीये. व्हाउचरवर असणाऱ्याचं उत्पन्न घटलं की ऑथॉरिटी हिशोब परत करते, त्याचा वाटा कमी होतो आणि ऑथॉरिटीचा वाढतो. आम्ही तिघा भाडेकरूंचं घर सांभाळतो, त्या वर्षी आमची सगळ्यात कमी काळजी कुठल्या मजल्याची होती ते सांगायला नको.

त्या मजल्यावरच्या ताईंबद्दल थोडं लिहिते, नाव-गाव अर्थातच नाही लिहिणार. होम हेल्थ एडचं काम करतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, औषधं देणं, जेवण भरवणं. आपल्या इथे राहायला आलेल्या आईवडिलांना गरज पडली की आपणही अशीच माणसं शोधत फिरतो ना. घर बघायला आल्या तेव्हा हातात एक जाड फोल्डर, त्यात व्हाउचर, आधीच्या घरमालकाचं पत्र, मुलांच्या शाळेचे कागद, सगळं प्लास्टिकच्या कव्हरात नीट लावलेलं. घराकडे त्यांनी नंतर बघितलं, आधी विचारलं, व्हाउचर घेता का? आणि विचारताना एक पाय दाराबाहेरच होता. व्हाउचरला मुदत असते हो. सुरुवातीला निदान ६० दिवस मिळतात, पुढे वाढवून देणं त्या ऑथॉरिटीवर, आणि मुदतीत घर नाही मिळालं तर इतकी वर्षं लाइनीत थांबून मिळालेलं व्हाउचर हातातून जातं. आपण फोनवर 'सॉरी, गेलं घर' म्हणतो तेव्हा समोरच्या माणसाचं काय पणाला लागलेलं असतं याची आपल्याला कल्पनाच नसते.

मग इन्स्पेक्शन, म्हणजे व्हाउचर चालू व्हायच्या आधी ऑथॉरिटीकडून घराची तपासणी होते ती. याला लोक उगाच घाबरतात. आमच्याकडे इन्स्पेक्टर आला, किचनमध्ये सिंकजवळच्या आउटलेटला टेस्टर लावला, शेगडीचा एकेक बर्नर पेटवून बघितला, खिडक्या उघडून त्यांचे लॉक बघितले, स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म दाबून वाजवले. मागच्या पायऱ्यांचा कठडा हलवून बघितला आणि तिथे रंगाचे पोपडे निघाले होते त्यावर बोट ठेवलं. घर १९७८ च्या आधीचं असेल आणि लहान मुलं राहणार असतील तर पोपडे म्हणजे गंमत नाही, जुन्या रंगात शिसं असतं आणि ते मुलांच्या पोटात जातं. आता मला सांगा यातली कुठली गोष्ट जास्तीची आहे? आपल्या स्वतःच्या मुलीसाठी हॉस्टेल किंवा अपार्टमेंट बघायला गेलो तर आपण हेच बघत नाही का? ज्याला या इन्स्पेक्शनची भीती वाटते त्याने व्हाउचर राहू दे बाजूला, आहे त्या भाडेकरूसाठी तरी घर दुरुस्त करून घ्यावं.

बरं, सगळं गोड गोड आहे असं मी म्हणत नाहीये. खरा मनस्ताप आहे आणि तो ऑथॉरिटीच्या ऑफिसचा आहे. अर्ज, इन्स्पेक्शन, भाडं त्या भागातल्या इतर घरांच्या मानाने वाजवी आहे का याची तपासणी, मग करार, आणि या सगळ्यात घर रिकामं आणि मॉर्गेज मात्र चालू. केसवर्कर फोन उचलत नाही, ईमेलला उत्तर नाही, मध्येच केसवर्करच बदलते आणि परत पहिल्यापासून कागद पाठवा. आमचा पहिला हप्ता इतका लांबला की माझे मिस्टर म्हणाले आता पुन्हा हे नको. नंतर मागचं सगळं एकरकमी आलं आणि त्यानंतर महिन्याच्या सुरुवातीला बिनचूक येतंय, पण ज्याच्याकडे चार महिन्यांची शिल्लक बाजूला नाही अशा छोट्या घरमालकाने काय करायचं? २०१६ च्या एका कायद्याने ऑथॉरिटींना मुभा दिलीये की जिवाला धोका नसलेल्या बारीकसारीक त्रुटी असतील तर भाडेकरूला राहायला येऊ द्या, पैसे चालू करा आणि दुरुस्ती नंतर करून घ्या. पण ही मुभा वापरायची की नाही हे त्या त्या ऑथॉरिटीने ठरवायचं. घरमालकांनी एकत्र येऊन आवाज उठवायचा असेल तर इथे उठवा ना. टाउनच्या मीटिंगला जा, काउन्सिलच्या माणसाला पत्र लिहा. ऑफिस ढिसाळ आहे म्हणून त्याची शिक्षा मुलं घेऊन घर शोधणाऱ्या बाईला का द्यायची?

आणि 'ती माणसं घराची वाट लावतात' हे जे वाक्य आहे ना, ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. ती म्हणजे कोण? आमच्या तीन मजल्यांपैकी सगळ्यात जास्त खर्च ज्या मजल्यावर झाला तिथे दोन मोठ्या पगाराची आयटीतली मुलं राहत होती. यावरून मी आयटीवाल्यांना घर द्यायचं बंद केलं नाही. व्हाउचरवाल्या माणसाला तर गमवायला जास्त आहे, लीज गंभीरपणे मोडून घराबाहेर काढलं गेलं तर मदतच बंद होते. आणि भाडेकरू नीट पारखून घ्यायचा हक्क आपला आहेच, ऑथॉरिटी ते काम करतही नाही. आधीच्या घरमालकाला फोन करा, भाडं वेळेवर देत होते का, शेजाऱ्यांना त्रास होता का ते विचारा, सगळ्यांना विचारता तेच विचारा. फक्त दार लावून घेण्यासाठी व्हाउचर हे कारण नको.

'आमच्या टॅक्सवर जगतात' असंही कुणीतरी मागे म्हणालं होतं. अहो, आपण मॉर्गेजच्या व्याजाची वजावट टॅक्समध्ये घेतो ती कुणाच्या पैशावर? आणि व्हाउचरचा पैसा भाडेकरूच्या हातात जातच नाही, तो आपल्याच खात्यात येतो.

आपल्याला हे कळायला पाहिजे खरं तर, कारण घर नाकारलं जाणं आपल्या लोकांना काही नवं नाही. मुंबईत मांसमच्छी खाता म्हणून नाही, एकटी मुलगी म्हणून नाही, आडनाव विचारून नाही. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली तेव्हा आपण सगळ्यांनी इथून पोस्टी टाकल्या होत्या, मीही टाकली होती. आणि इथे नवीन आलो तेव्हा क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून आपल्याला किती ठिकाणी परत पाठवलं, शेवटी कुणीतरी ओळखीच्याने शब्द टाकला म्हणून घर मिळालं, हे आपल्यातल्या बहुतेकांचं झालंय.

नाकारण्याने किती फरक पडतो याचा एक अभ्यास आहे, हडनेच करून घेतलेला, २०१८ मध्ये आला. पाच ठिकाणच्या घरमालकांना विचारून बघितलं व्हाउचर घेता का. फोर्ट वर्थला ७८ टक्के नाही म्हणाले, लॉस एंजेलिसला ७६. आपल्या नेवार्कला ३१ टक्के आणि वॉशिंग्टन डीसीत १५. नेवार्क आणि डीसीमध्ये नाकारायला कायद्याने बंदी होती, त्या वेळी फोर्ट वर्थ आणि लॉस एंजेलिसला नव्हती. फिलाडेल्फियात बंदी असूनही ६७ टक्क्यांनी नाही म्हटलं, म्हणजे नुसता कायदा कागदावर असून भागत नाही हेही खरं. पण नेवार्कचा आकडा बघा, बंदी असून तिथेही जवळजवळ तीनातला एक नाही म्हणत होता, आणि त्यात आपली माणसं नसतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

ज्यांचं घर आत्ता रिकामं आहे आणि ज्यांना जमवून बघायचंय त्यांच्यासाठी: आपल्या भागाच्या ऑथॉरिटीचा पेमेंट स्टँडर्ड (म्हणजे मदतीचा हिशोब करताना ती जास्तीत जास्त किती भाडं धरते तो आकडा) किती ते आधी बघून ठेवा, काही ठिकाणी तो पिनकोडप्रमाणे म्हणजे झिपप्रमाणे वेगळा असतो. भाडं ठरवताना गॅस-लाइट कोण भरणार ते स्पष्ट लिहा, तेही हिशोबात धरतात. इन्स्पेक्शनच्या आधी अलार्म, कठडे, खिडक्या आणि रंग स्वतः बघून घ्या, म्हणजे दुसरी फेरी वाचते. पहिला हप्ता उशिरा येणार असं धरूनच चाला. भाडेकरूकडून ठरलेल्या वाट्याच्या वर एक डॉलरही बाजूने घेऊ नका, तो गुन्हा आहे. दुरुस्ती अंगावर काढली तर ऑथॉरिटी आपला वाटा थांबवते आणि तो भाडेकरूकडून मागता येत नाही. भाडं वाढवायचं असेल तर साठ दिवस आधी ऑथॉरिटीला कळवावं लागतं. आणि सख्खा भाऊ, बहीण, आईवडील यांना व्हाउचरवर आपलंच घर देता येत नाही, अपंगत्वासारखं कारण असेल तर वेगळं, हे दोघांनी विचारलं होतं म्हणून लिहिलं. अर्ज कसा भरायचा ते मी बसून दाखवीन, इनबॉक्समध्ये मेसेज करा, रविवारी दुपारी मी घरीच असते.