संप सुरू झाला म्हणून ईएसआय कार्ड बंद पडत नाही

संपाची नोटीस लागली की कामगारांच्या व्हॉट्सॲप गटांवर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेविषयी एक संदेश हमखास फिरू लागतो : "संपाच्या पहिल्या दिवसापासून ईएसआय बंद. वर्गणी थांबली की हक्क संपला. घरच्यांनाही औषध मिळणार नाही, आजारपणाचा एक पैसाही मिळणार नाही." हा संदेश वाचून आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीने विमा दवाखान्यात जाणेच सोडले आणि हातात पगार नसताना आठ दिवस इन्सुलिन बाहेरून विकत घेतले. म्हणून त्यातले एकेक विधान तपासले पाहिजे.

"पहिल्या दिवसापासून बंद" हे साफ चूक आहे. या योजनेत एका सहामाहीतील वर्गणीवर पुढच्या सहामाहीतील हक्क ठरतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील वर्गणीचा लाभ पुढील १ जानेवारी ते ३० जून या काळात मिळतो, तर ऑक्टोबर ते मार्च या काळातील वर्गणीचा १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात. समजा, नियमित कामावर असलेला जुना कामगार १ फेब्रुवारीला संपावर गेला. जूनअखेरपर्यंतचे उपचार त्याने आधीच्या सप्टेंबरपर्यंतच कमावलेले असतात. शिवाय ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत, पुढच्या हक्कासाठी लागणारे वर्गणीचे किमान ७८ दिवस सहज भरत असल्याने डिसेंबरअखेरपर्यंतची सोयही झालेली असते. कुटुंबाचा हक्क त्याच्याच हक्कातून येतो, त्यामुळे पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांचे उपचारही चालू राहतात.

"वर्गणी थांबली की हक्क संपला" यात तथ्य आहे ते एवढेच, की संप लांबून एखाद्या सहामाहीत ७८ दिवस भरलेच नाहीत, तर तिच्याशी जोडलेल्या लाभकाळात खंड पडू शकतो. मात्र संप बेकायदेशीर नसेल आणि तडजोडीत त्या दिवसांचे पैसे मिळाले, तर १९४८ च्या मूळ ईएसआय कायद्याच्या व्याख्येनुसार ते वेतनच असते आणि त्यावर वर्गणी भरावी लागते. वाटाघाटीला बसणाऱ्यांनी हा मुद्दा सोडू नये. अनेकदा तो कोणाच्या लक्षातच येत नाही.

पैशांविषयीचे विधान अर्धे खरे आहे आणि अफवेचे मूळ बहुधा तिथेच आहे. १९४८ च्या मूळ कायद्यातील (आता ही योजना २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली आहे) कलम ६३ नुसार संपाच्या दिवसांसाठी आजारपणाचा आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा रोख लाभ मिळत नाही. पण त्या कलमात वैद्यकीय उपचारांचे नाव नाही आणि प्रसूती लाभाचेही नाही. शिवाय याच योजनेच्या विनियम ९९-अ ने रोख लाभालाही अपवाद ठेवले आहेत : विमा रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात दाखल असलेला कामगार, दीर्घ आजाराच्या वाढीव लाभास पात्र असलेला कामगार आणि संपाची नोटीस देण्याच्या लगेच आधीपासून लाभ घेत असलेला कामगार.

खरा धोका मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. दरमहा वर्गणी भरताना शून्य वेतनाचे कारण मालकाला ऑनलाइन नोंदवावे लागते. त्या यादीत "संप किंवा टाळेबंदी" आहे, तसेच "नोकरी सोडली" हेही आहे. संपावर गेलेल्याने नोकरी सोडलेली नसते. तेव्हा पहिल्याच महिन्यात ईएसआयच्या पोर्टलवर आपली नोंद पाहावी आणि ती चुकीची दिसली, तर शाखा कार्यालयात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी.